पडदा जागेवर, नजर उणी: बडोदे-इंदूर प्रवासातलं एक प्रकरण

डोळ्यात गॅस भरलेला असताना पठार चढून आलेल्या एका काकूंचं हे प्रकरण त्यांच्या आणि त्यांच्या मुलाच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. मी इंदूरला डोळ्यांची डॉक्टर आहे. पडद्याची, म्हणजे डोळ्याच्या आत मागे असलेल्या दृष्टिपटलाची (रेटिनाची) शस्त्रक्रिया मी करत नाही. पण पडद्याचं ऑपरेशन बाहेरगावी करून आलेला पेशंट मध्येच अडला की तो पहिल्यांदा माझ्यासारख्या जवळच्या डॉक्टरकडेच येतो.

पार्श्वभूमी

काकू ६२ वर्षांच्या. माहेर इंदूरचं, सासरही इंदूरचंच, रामबागेच्या बाजूचं. शाळेत असल्यापासून मायनसचा मोठा नंबर. चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून लेन्स बसवल्या. रक्तदाब १२ वर्षांपासून, त्याची एक गोळी रोज रात्री जेवणानंतर. मधुमेह नाही.

मुलगी बडोद्याला, दांडिया बाजारात दिलेली. नातवाच्या मुंजीसाठी काकू आठ दिवस आधीच तिकडे गेल्या होत्या. ग्रहमखाच्या दिवशी डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, आणि संध्याकाळपर्यंत डोळ्यासमोर कोळ्याचं जाळं हलताना दिसू लागलं. घरात पाहुणे, मांडवात मंगलकार्य. काकू कुणाला बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मात्र विहिरीत पाणी चढावं तसा खालून काळा पडदा वर यायला लागला, तेव्हा त्यांनी मुलीला सांगितलं.

मुलीने त्याच दिवशी बडोद्यातल्या एका नेत्र रुग्णालयात नेलं. दृष्टिपटलाला वरच्या बाजूला फाट पडली होती आणि तिच्यातून आत पाणी शिरून पडदा सुटत खाली येत होता. (पडदा वरून सुटला की पेशंटला अंधार खालून दिसतो. डोळ्यातली प्रतिमा उलटी असते, म्हणून.) सुदैवाने मधला भाग, म्हणजे ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो तो मॅक्युला, अजून चिकटलेला होता. अशा वेळी ऑपरेशन लवकर झालं तर नजर जवळपास पहिल्यासारखी राहू शकते.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. विट्रेक्टॉमी केली, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा द्राव काढला, पडदा जागेवर बसवला, फाटीभोवती लेसर केलं आणि आत सी३एफ८, म्हणजे परफ्लुरोप्रोपेन वायू भरला. ऑपरेशन उत्तम झालं होतं. ते मी नंतर स्वतः पाहिलं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. पुढे जे झालं त्याला ऑपरेशन करणाऱ्या हातांचा दोष नव्हता.

गॅस कशासाठी, ते थोडक्यात सांगते. फाट बंद झाल्याशिवाय पडदा चिकटून राहत नाही, हे लोझानच्या जूल गोनँ यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत दाखवून दिलं. तोवर पडदा सुटलेला डोळा बहुतेक वेळा गेल्यातच जमा असे. गॅसचा बुडबुडा आतून फाटीवर टेकून बसतो आणि लेसरचा डाग पक्का होईपर्यंत पाणी आत शिरू देत नाही. त्या दिवसांत पेशंटला मान खाली ठेवून, पालथं राहायला सांगतात. सी३एफ८ हळूहळू विरत सहा ते आठ आठवडे डोळ्यात राहतो. तोवर त्या डोळ्याला फारसं काही दिसत नाही. हात हलताना कळतो, उजेड-अंधार कळतो, एवढंच. पुढे याचा संबंध येणार आहे.

घरी जायचं की राहायचं

सातव्या दिवशीच्या तपासणीत डोळ्याचा दाब २४ निघाला. साधारण १० ते २१ ठीक मानतात. सूज उतरावी म्हणून स्टिरॉइडचे थेंब चालू होते, त्यांनी काही जणांचा दाब वाढतो. दाब उतरवणारा एक थेंब जोडून दिला. तेही योग्यच होतं.

मग प्रवासाचं निघालं. मुलगा इंदूरहून आईला न्यायला आला होता. मुलगी म्हणत होती, "आई, महिनाभर राहा, मी बघते सगळं." काकूंचं म्हणणं वेगळं. ते त्यांनी मला नंतर जसं सांगितलं तसं लिहिते: "लेकीच्या घरी मुंजीला म्हणून आले. तिथे पालथी पडून किती दिवस काढायचे? तिचे सासरे माझ्यासाठी टीव्हीचा आवाजसुद्धा मोठा करत नव्हते." मला यात हट्ट दिसत नाही. आपल्याकडे लेकीच्या सासरी मुक्काम लांबला की बाई आपोआप अंग चोरून वावरते. डॉक्टरांच्या कागदावर "विश्रांती" लिहिलेलं असतं, ती कुणाच्या घरात घ्यायची ते लिहिलेलं नसतं.

रुग्णालयात मुलाने विचारलं, "प्रवास चालेल ना?" समोरून हिंदीत प्रश्न आला, "फ्लाइट से तो नहीं जा रहे?" मुलगा म्हणाला, "नाही, रात्रीच्या ट्रेनने." "मग हरकत नाही. मान खाली ठेवा." काकूंच्या मनगटावर हिरवा पट्टा होता, त्यावरही इंग्रजीत हेच: विमानप्रवास नको, नायट्रस ऑक्साइडची भूल नको. दोन्हींनी डोळ्यातला गॅस फुगतो.

विचारणाऱ्याने विचारायचं ते विचारलं, उत्तर देणाऱ्याने खरं उत्तर दिलं. तरीही मुख्य गोष्ट दोघांच्या मधून निसटली. बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५-४० मीटर उंचीवर आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर, सुमारे ५५० मीटरवर. गोध्रा, दाहोद सोडून गाडी रतलामकडे निघाली की चढणच चढण. आपल्याला ती जाणवत नाही, फार तर सकाळचा गारवा जाणवतो. डोळ्यात कोंडलेल्या वायूला ती जाणवते.

ती रात्र

गाडी मध्यरात्रीनंतर बडोद्याहून सुटली. काकूंना खालचा बर्थ होता. जेवणानंतर रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे घेतली. सुरुवातीला त्या पालथ्या झोपल्या, पण रेल्वेच्या अरुंद बर्थवर, हलत्या गाडीत, वयाच्या ६२ व्या वर्षी पालथं झोपणं किती वेळ जमणार? झोपेत त्या कधी उताण्या झाल्या ते त्यांनाच कळलं नाही.

पावणेचारच्या सुमारास डाव्या डोळ्यात आणि भुवईवर ठणका लागून जाग आली. थोड्या वेळाने मळमळ, मग रतलाम स्टेशनवर दोनदा उलटी. मुलाला वाटलं पित्त झालं. जागरण, मुंजीचं गोडधोड, गाडीचा प्रवास. त्याने पित्ताची गोळी आणि पॅरासिटामॉल दिली. डोळ्याचा दाब अचानक चढला की मळमळ आणि उलटी होते, हे घरच्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. दर पावसाळ्यात काचबिंदूचे एक-दोन पेशंट पोटाच्या डॉक्टरकडून फिरून माझ्याकडे येतात.

सहा वाजून दहा मिनिटांनी, उज्जैनच्या अलीकडे, मुलाने आमच्या दवाखान्याच्या नंबरवर फोन केला. आमच्याकडे रात्री थांबणाऱ्या मुलाने उचलला. त्याने सांगितलं, "मॅडम १० वाजता येतात, तेव्हा घेऊन या." त्याला जे शिकवलं होतं तेच त्याने सांगितलं. शिकवणारी मी होते.

इंदूरला उतरल्यावर मुलगा आईला आधी घरी नेणार होता, आंघोळ, चहा झाला की मग दवाखाना. स्टेशनवर न्यायला आलेल्या सुनेने सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि रिक्षा थेट आमच्याकडे वळवायला लावली. ९ वाजून ५ मिनिटांनी त्या माझ्यासमोर होत्या. त्या दिवशी मी लवकर आले होते, हा केवळ योगायोग.

समोर काय दिसलं

डावा डोळा लाल, बुबुळ धुरकट, पुढची जागा उथळ. दाब ५४. (अप्लनेशनने, म्हणजे डोळा पुढून हलकेच चपटा दाबून मोजायच्या पद्धतीने मोजला होता. दाब मोजायच्या जुन्या शिऑत्झ टोनोमीटरने गॅस भरलेल्या डोळ्याचा दाब खोटा कमी येतो. तो अजून वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) रक्तदाब १०४/६४, त्यांचा नेहमीचा १४०/८४ च्या आसपास.

मग मी खोलीतला दिवा बंद केला आणि टॉर्च डाव्या डोळ्यावर धरला. "काकू, उजेड कुठून येतोय?" त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "टॉर्च लावलाय का तुम्ही?" कानशिलाच्या बाजूने टॉर्च आणला तेव्हा कळतं न कळतं असं काहीतरी जाणवलं. बाकी तिन्ही दिशा काळ्या. गॅसच्या डोळ्याला स्पष्ट दिसत नाही हे खरं, पण टॉर्चचा उजेड त्याला दिसलाच पाहिजे.

आत पाहिलं तर पडदा सुंदर बसलेला होता. धमन्या मात्र दोऱ्यासारख्या बारीक, आणि मुख्य धमनी ठोक्यागणिक क्षणभर उघडून मिटत होती.

रक्त का थांबलं

डोळ्यात रक्त येण्यासाठी आत शिरणाऱ्या रक्ताचा जोर डोळ्याच्या दाबाहून जास्त असावा लागतो. बसलेल्या माणसाचा ढोबळ हिशेब असा: सरासरी रक्तदाबाचे दोन तृतीयांश घ्यायचे आणि त्यातून डोळ्याचा दाब वजा करायचा. काकूंचा एरवीचा सरासरी रक्तदाब १०३ धरला तर दोन तृतीयांश होतात ६८-६९. त्यातून डोळ्याचा १६ दाब वजा केला की ५२ उरतात, भरपूर झाले. त्या सकाळी सरासरी रक्तदाब ७७ होता. दोन तृतीयांश ५१. वजा ५४. शिल्लक काहीच नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याच्या शिखरावर जे काही थोडं आत ढकललं जात होतं, तेवढ्यावर तो डोळा तग धरून होता.

दाब इतका चढला कसा, याचं एक कारण नाही. तीन गोष्टी एकाच रात्री एकमेकींवर येऊन बसल्या.

पहिली गोष्ट चढण. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मि.मी. पारा, इंदूरच्या उंचीला साधारण ७१२. बाहेरचा दाब कमी झाला की कोंडलेला वायू फुगतो, हा शाळेत शिकलेला बॉईलचा नियम. बडोदे ते इंदूर या चढाला फुगवटा सुमारे ६ टक्के. डोळ्याची मागची पोकळी ४ मिलीलीटरच्या आसपास, ती ८५ टक्के भरलेली, म्हणजे ६ टक्क्यांनी साधारण ०.२ मिलीलीटर जास्त जागा हवी. आकडा क्षुल्लक वाटतो. पण डोळा हा फुगा नाही, त्याचं कवच ताणत नाही. निरोगी डोळ्यात मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलीटर पाणी तयार होतं आणि तेवढंच बाहेर वाहतं. त्या वेगाने ०.२ मिलीलीटरची जागा मोकळी व्हायला तासाहून जास्त लागतो. गाडी संथ चढते, म्हणून चांगल्या डोळ्याला हे झेपूनही जातं. काकूंच्या डोळ्याचा निचरा स्टिरॉइडने आधीच मंदावलेला होता.

दुसरी गोष्ट उताणं झोपणं. पालथं असताना बुडबुडा मागे, पडद्याकडे राहतो. उताणं झालं की तो वर, म्हणजे पुढे येतो, बुबुळाला पुढे रेटतो आणि पाणी जिथून बाहेर जातं तो कोपराच बंद करतो. जिथून निचरा व्हायचा, ती मोरीच तुंबली.

तिसरी गोष्ट रक्तदाबाची रात्रीची गोळी. झोपेत रक्तदाब तसाही उतरतो. वर गोळी, वर उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं.

यातली कुठलीही एक गोष्ट टळली असती तर कदाचित निभावलं असतं. पडद्याच्या ऑपरेशननंतर रक्तप्रवाह अडण्याची आणखीही कारणं असतात. बाहेरून बांधलेला बकलचा पट्टा फार घट्ट होणं हे त्यातलं एक. पण काकूंना बकल नव्हता, म्हणून तिकडे जात नाही.

समोरचे पर्याय

वेळ किती आहे, हा पहिला प्रश्न. पंजाबात जन्मून पुढे अमेरिकेत आयोवाला काम केलेले नेत्रतज्ज्ञ सोहन सिंग हेरेह यांनी माकडांवर केलेले प्रयोग आमच्या शिक्षणातच असतात. धमनी पूर्ण बंद ठेवली तर सुमारे ९७ मिनिटांपर्यंत पडद्याला कायमची इजा दिसली नाही. २४० मिनिटांनंतर मात्र ती प्रचंड आणि न भरून येणारी होती. काकूंचा ठणका सुरू होऊन सव्वापाच तास झाले होते. पण ठणका म्हणजे धमनी बंद असं नव्हे, आणि त्यांची धमनी अजूनही उघडझाप करत होती. म्हणजे काही भाग अर्धउपाशी का होईना, जिवंत असणार होता. तो वाचवायचा होता.

औषधं: थेंब आणि शिरेतून मॅनिटॉल. मॅनिटॉल डोळ्यातलं पाणी खेचून घेतं. पण या डोळ्यात पाणी होतंच कुठे? तिथे गॅस होता. त्यामुळे त्याचा फायदा मर्यादित, शिवाय रक्तदाब आधीच उतरलेला.

सुईने थोडा गॅस काढणं: सगळ्यात झटपट उपाय. भीती अशी की ऑपरेशनला नऊच दिवस झाले होते, लेसरचा डाग अजून कोवळा. बुडबुडा फार लहान झाला तर फाट उघडी पडून पडदा पुन्हा सुटू शकतो. जंतुसंसर्गाचा थोडा धोका वेगळा.

पडद्याच्या सर्जनकडे पाठवणं: इंदूरमधले माझे एक सहकारी हे रोज करतात. पण ते तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला ऑपरेशनमध्ये होते. त्या वेळच्या वाहतुकीत पाऊण तास सहज.

आणि एक पर्याय मुलाने सुचवला. मी त्याला उंचीचं घाईघाईत सांगत होते, तोच तो म्हणाला, "मग आईला मानपूरचा घाट उतरवून धामनोदला नेऊ का? गाडी दारात आहे." मी क्षणभर थबकले, कारण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. निमाडात उतरलं की तीन-चारशे मीटर खाली येतो आणि गॅस आकसतो. डॉक्टरच नसता तर मी स्वतः तसंच सांगितलं असतं. पण त्याला दीड-दोन तास लागले असते, आणि इथे सुई हाताशी होती.

काय केलं

९:१२ ला दाब उतरवणारे टिमोलॉल आणि ब्रिमोनिडीनचे थेंब घातले. सल्फाची अॅलर्जी नाही याची खात्री करून त्याच कामाचं अॅसिटाझोलामाइड दिलं. काकूंना टेबलावर पालथं झोपवलं. आडवं केल्याने डोळ्याला रक्त जास्त पोचतं आणि पालथं केल्याने बुडबुडा बुबुळावरून मागे हटतो. दोन्ही हवंच होतं. उलट्यांनी गेलेलं पाणी भरून काढायला सलाईन लावलं. मॅनिटॉल दिलं नाही.

९:२० ला इंदूरच्या सहकाऱ्यांशी फोन झाला. बडोद्याच्या सर्जननाही लावला. दोघांनी एकच सांगितलं: काढा. बडोद्याच्या डॉक्टरांनी फाट नेमकी कुठे आहे, लेसर कसं केलं आहे ते घड्याळाच्या काट्यांत सांगितलं. शेवटी म्हणाले, "उंचीचं माझ्या लक्षात यायला हवं होतं." त्यांच्या आवाजात बचाव नव्हता.

मी लगेच सुई हातात घ्यायला हवी होती. मी आधी पुन्हा दाब मोजला. ४९ झाला होता. थेंब काम करताहेत असं वाटून आणखी दहा मिनिटं थांबले. पुन्हा मोजला, ४८. तेव्हा थांबण्यात अर्थ नाही हे पटलं.

९:४१. भुलीचे थेंब, पोव्हिडोन आयोडीन, पापण्यांना चिमटा. ३० गेजची बारीक सुई, तिला १ मिलीची सिरिंज, प्लंजर काढलेली, आत दोन-तीन थेंब सलाईन. काकूंचं डोकं थोडं वळवलं, म्हणजे सुई जिथून शिरेल तिथे बुडबुडा सगळ्यात वर यावा. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन मि.मी. अंतरावर सुई आत गेली, आणि सिरिंजमधल्या त्या दोन-तीन थेंबांतून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे उठले. तीन, चार, मग एक मोठा. सुई काढली. दाब १७.

टॉर्च धरला. काकू म्हणाल्या, "हां. इकडून." आणि बोटाने बरोबर दाखवलं. नाकाच्या बाजूचं मात्र अजूनही कळत नव्हतं.

आत पाहिलं तेव्हा धमन्यांमधून रक्त तुकड्यातुकड्यांनी, मालगाडीच्या डब्यांसारखं सरकताना दिसलं. दहा-पंधरा मिनिटांत प्रवाह सलग झाला. संध्याकाळपर्यंत पडद्याच्या मधल्या भागावर दुधट पांढरी सूज उतरली आणि मधोमध लालसर ठिपका दिसू लागला. आतल्या थराला उपास घडल्याची ती खूण.

दुपारीच सहकाऱ्यांनी काकूंना आपल्या देखरेखीखाली घेतलं. पहिले दोन दिवस दर चार तासांनी दाब मोजला. स्टिरॉइडचे थेंब सौम्य केले. फिजिशियनने रक्तदाबाची गोळी सकाळी आणली. एक गोष्ट इथे वेगळी सांगावीशी वाटते. कारण डोळ्यासमोर इतकं स्पष्ट असूनही आम्ही ईसीजी, मानेच्या धमन्यांची डॉप्लर तपासणी आणि ईएसआर, म्हणजे अंगात कुठे दाह आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, करून घेतलं. ६० च्या पुढच्या, रक्तदाब असलेल्या माणसाची डोळ्याची धमनी अडली तर तो मेंदूच्या झटक्याचा भाऊबंद असू शकतो. तपासण्या ठीक निघाल्या.

परिणाम

गॅस आठव्या आठवड्यात पूर्ण विरला. पडदा कुठेही सुटला नाही. पुढचे चार महिने बुबुळावर नव्या, नको असलेल्या रक्तवाहिन्या येतात का, ते पाहत राहिलो. आल्या नाहीत.

डाव्या डोळ्याची नजर ६/६० वर थांबली, म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते या डोळ्याला सहा मीटरवरून दिसतं. ऑपरेशनआधी, पडदा सुटत असतानाही, ती ६/१८ होती. वरच्या अर्ध्या भागातलं दिसतं, खालचं अर्धं जवळपास नाही. जिना उतरताना काकू आता कठड्याला धरतात. स्कॅनमध्ये पडद्याचा आतला थर पातळ झालेला आहे, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस फिकट आहे. ऑपरेशनच्या नोंदीत "पडदा पूर्ण जागेवर, यशस्वी" असंच राहील, आणि ते खरंही आहे. काकूंना मात्र त्या डोळ्याने पंचांग वाचता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मला सगळ्यात जास्त सलतो तो सहा वाजून दहा मिनिटांचा फोन. तेव्हा मला उठवलं असतं तर सगळं सुनेच्या नजरेवर आणि माझ्या लवकर येण्याच्या योगायोगावर राहिलं नसतं. शिवाय फोनवरच सांगता आलं असतं की पालथ्या व्हा. त्याला पैसे लागत नाहीत, डॉक्टर लागत नाही. आता आमच्या फोनजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: ऑपरेशन झालेला डोळा दुखतोय, किंवा उलटी होतेय, किंवा टॉर्च दिसत नाही, यांपैकी एक जरी ऐकलं तरी वेळ न पाहता मॅडमना फोन. रात्री फोन उचलणाऱ्या मुलाला एकदा मध्यरात्री उगाचच फोन करून मीच तपासलं. त्याने उठवलं.

माझी ती थांबण्याची वीस-एक मिनिटं. ५४ वरून ४९ हा आकडा पाहून बरं वाटलं, पण रक्ताचा जोर ५१ असताना ४९ ने काय होणार? दाब किती उतरला ते मी पाहत होते. धमनी उघडली का, ते पाहायला हवं होतं.

बडोद्यात विचारलेला प्रश्न. "विमानाने जाणार का" याऐवजी "घर कुठे आहे" असं विचारलं असतं तर इंदूर हे उत्तर आलं असतं, आणि कदाचित कुणाला तरी पठार आठवलं असतं. गुजरातच्या सपाटीवरून माळव्यात, कोकणातून पुण्याला किंवा महाबळेश्वरला, जबलपूरहून पचमढीला माणसं रोज जातात. रस्ता, रेल्वे, विमान कशानेही जा, गॅसला फक्त उंची कळते. हे आधी कळलं असतं तर वाटा होत्या. दाब २४ वरून खाली येईपर्यंत आणि बुडबुडा बराच लहान होईपर्यंत थांबता आलं असतं. सुरुवातीलाच आठ आठवड्यांऐवजी दोनेक आठवड्यांत विरणारा एसएफ६ वायू चालला असता का, याचा विचार करता आला असता. सिलिकॉन तेल उंचीने फुगत नाही, पण ते काढायला दुसरं ऑपरेशन लागतं. काकूंसारख्या साध्या फाटीला ते कुणी घातलं नसतं, मीही सुचवलं नसतं.

थांबण्याची अडचण वैद्यकीय नव्हती, घरगुती होती. मुलीला हे फार लागलंय. पण "महिनाभर राहा" हे मुलीने म्हणणं आणि डॉक्टरांनी जावयासमोर, व्याह्यांसमोर "यांना इथून हलवायचं नाही" म्हणणं यात फरक आहे. दुसऱ्या वाक्यात बाईला राहायची मोकळीक मिळते. मी आता असं वाक्य मुद्दाम नातेवाइकांना बोलावून, मोठ्याने म्हणते.

आणि टॉर्च. गॅस भरलेल्या प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना आम्ही आता एक गोष्ट करून दाखवतो: रोज रात्री झोपताना चांगला डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा, मोबाइलचा टॉर्च चारही बाजूंनी दाखवायचा आणि विचारायचं, कुठून दिसतो? काल दिसत होता आणि आज दिसत नाही, तर सकाळची वाट पाहायची नाही. काकूंच्या मुलाकडे त्या रात्री मोबाइल होता. काय पाहायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

काकूंच्या उजव्या डोळ्यातही पडद्याच्या कडेला दोन पातळ जागा सापडल्या, एकीत बारीक छिद्र. त्यांभोवती लेसर केलं आहे. दिवाळीच्या आधी त्या तपासणीला आल्या होत्या. सगळं पाहून झाल्यावर पर्स उघडून चष्मा ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "भाऊबीजेला नातू बोलावतोय. बडोद्याला जाऊ का?"

डाव्या डोळ्यात गॅस उरलेला नाही, उजव्यात कधी नव्हताच. मी म्हटलं, जा.